बारावीच्या टक्क्यांपलीकडे मुलीच्या अर्जात काय लिहावे?

खाणावळवाले

नमस्कार. सदाशिव पेठेत गेली १९ वर्षे आमची लहानशी खाणावळ आहे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी बाहेरगावची मुले हाच आमचा मुख्य ग्राहकवर्ग आहे. माझी मुलगी सध्या अकरावी विज्ञान शाखेत आहे. तिला वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शिक्षणाकडे वळायचे नाही. जीवशास्त्र आणि पर्यावरण हे तिचे आवडीचे विषय आहेत, आणि लवळ्याचे फ्लेम, सोनीपतचे अशोका व बंगळूरचे अझीम प्रेमजी ही विद्यापीठे तिच्या यादीत आहेत. पूर्ण आर्थिक साहाय्य मिळण्याची शक्यता असेल तर अमेरिकेतील दोन-तीन ठिकाणीही अर्ज करून पाहावा, असे तिच्या मनात आहे. दहावीला तिला ९१ टक्के गुण होते. पुण्यात हे गुण सांगितले की समोरचा माणूस सांत्वन करायला लागतो.

गेल्या महिन्यात आम्ही एका प्रवेश-सल्लागारांकडे गेलो होतो. त्यांनी तासाभर प्रश्न विचारले आणि शेवटी ‘प्रोफाइल रिकामी आहे’ असा निर्वाळा दिला. ती भरण्यासाठी मुलीच्या नावाने एक स्वयंसेवी संस्था काढावी, एक शोधनिबंध छापून घ्यावा आणि उन्हाळ्यात परदेशी विद्यापीठाच्या आवारात दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम करावा, असे त्यांनी सुचवले. या सर्वांची मिळून सांगितलेली रक्कम आमच्या खाणावळीच्या कित्येक महिन्यांच्या किराण्याएवढी होती.

मुलगी रिकामी बसलेली नसते, हे मला ठाऊक आहे. आठवीपासून ती शेजारच्या एका निवृत्त आजोबांबरोबर रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर पक्षी पाहायला जाते आणि आल्यावर वहीत नोंदी करते. अशा चार वह्या भरल्या आहेत. गेली दोन वर्षे खाणावळीचे खाडे, कूपने आणि महिन्याचा हिशेब तीच पाहते. उद्या किती जण जेवणार आहेत हे आदल्या रात्री भ्रमणध्वनीवर विचारून घेण्याची पद्धत तिने सुरू केली आणि त्यामुळे रोज उरणारी भाजी जवळजवळ निम्म्यावर आली. सल्लागारांनी या दोन्ही गोष्टी ऐकल्या, पण कागदावर लिहून घेतल्या नाहीत. यांना अर्जात खरोखरच काही किंमत नसते का, हे जाणकारांनी सांगावे.

जुनी_प्राध्यापिका

आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तो न केल्यामुळे पुण्यातील अनेक पालक दोन्हीकडून फसतात. आपल्याकडील बहुतेक पदवी-प्रवेशांत गुणांपलीकडचे काहीही कोणी वाचत नाही. एमएचटी-सीईटीनंतरच्या प्रवेश फेऱ्यांत, जेईईत किंवा नीटमध्ये संगणकाला क्रमांक कळतो, विद्यार्थी कळत नाही. तिथे प्रमाणपत्रांची फाइल घेऊन जाणे व्यर्थ आहे आणि त्या फाइलसाठी अकरावीचे वर्ष खर्च करणे तर त्याहून वाईट आहे. अपवाद आहेत, पण ते अगदी नेमके आहेत. गणित ऑलिंपियाडच्या राष्ट्रीय टप्प्यावर निवड झालेल्यांना भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा थेट उपयोग होतो. आयआयटी मद्रासने २०२४ पासून राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात २ जादा जागा ठेवल्या आहेत, मात्र त्यांनाही जेईई अॅडव्हान्स्डच्या यादीत यावेच लागते.

आपली कन्या ज्या विद्यापीठांचा विचार करते आहे, ती दुसऱ्या गटातील आहेत. तिथे गुण आणि प्रवेश-परीक्षा हा उंबरठा असतो, आणि तो ओलांडल्यावर निबंध, उपक्रमांची माहिती व मुलाखत यांचे वाचन सुरू होते. प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे आणि ती वर्षागणिक थोडी बदलते, म्हणून त्या-त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची चालू वर्षाची माहितीच प्रमाण मानावी.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपल्याकडे ‘गुणांपलीकडचे’ म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षेचे दहावीतले वाढीव गुण येतात. म्हणजे गुणांपलीकडची गोष्टही शेवटी गुणांतच मोजायची, याची आपल्याला सवय लागली आहे. त्यामुळे प्रमाणपत्र नसलेले काम आपल्याला कामच वाटत नाही. सल्लागारांनी टेकडी आणि खाणावळ कागदावर घेतली नाही, त्याचे कारण त्यांना त्या दोन गोष्टी विकता येत नव्हत्या, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीची यादी वाढवू नका. ज्या दोन गोष्टी ती कोणी न सांगता वर्षानुवर्षे करते आहे, त्यांची नोंद मात्र चोख ठेवायला लावा.

पाषाणकर

मला हा सगळा प्रकार श्रीमंतांचा खेळ वाटतो. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते, ज्यांचे मामा बोस्टनमध्ये आहेत आणि ज्यांच्या शाळेत स्वतंत्र समुपदेशक आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत तयार झाली आहे. सीईटीत निदान सदाशिव पेठ आणि बोट क्लब रोड यांना एकच परीक्षा द्यावी लागते. खाणावळवाल्यांनी भलत्या आशेवर दोन वर्षे घालवू नयेत.

दूरदेशी

मी पुण्यातून बारावी करून अमेरिकेत शिकायला गेलो होतो आणि आता कोथरूडला परत आलो आहे. पाषाणकरांचा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे, पण अर्जाचा नमुना प्रत्यक्ष पाहिला तर त्यात खाणावळीसाठी जागा आधीपासूनच करून ठेवलेली दिसते.

अमेरिकेतील अनेक महाविद्यालये ‘कॉमन अॅप’ या सामायिक अर्जातून प्रवेश देतात. त्यात उपक्रमांसाठी जास्तीत जास्त १० जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनासाठी फक्त १५० अक्षरे मिळतात. आठवड्याचे किती तास आणि वर्षातले किती आठवडे हे काम केले, हेही आकड्यांत भरावे लागते. महत्त्वाची बाब अशी की उपक्रमाचा प्रकार निवडण्याच्या यादीत वादविवाद, क्रीडा आणि नाटक यांच्याबरोबरच ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा वेगळा प्रकार दिलेला आहे. लहान भावंडांना सांभाळणारी, आजीचे औषधपाणी पाहणारी किंवा घरचे दुकान चालवणारी मुले याच प्रकारात आपले काम लिहितात, आणि वाचणारे ते गांभीर्याने वाचतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र असतो. त्यात अशा नोंदींसाठी २० जागा आहेत, तिथे शिफारसपत्रे सहसा मागत नाहीत आणि आता सॅट या अमेरिकी प्रवेश-परीक्षेचे गुणही विचारात घेतले जात नाहीत.

१५० अक्षरांत काय मावते, याचा एक नमुना देतो. मूळ अर्ज इंग्रजीत भरायचा असला तरी मुद्दा मराठीतही कळेल. आपल्या पाल्यांकडून सहसा पहिल्या खेपेस असे वाक्य येते : ‘कुटुंबाच्या व्यवसायात मोलाची मदत केली आणि त्यातून नेतृत्व, वेळेचे नियोजन व जबाबदारीची जाणीव हे गुण विकसित झाले.’ या वाक्यात खाणावळ कुठेच नाही. तेच असे लिहिता येईल : ‘६५ जणांच्या खाणावळीचे खाडे व मासिक हिशेब ठेवते, आदल्या रात्री जेवणाऱ्यांची संख्या विचारून घेतल्याने उरणारे अन्न घटले.’ दुसऱ्या वाक्यात एकही गुणवाचक शब्द नाही, तरी मुलगी दिसते. ६५ हा आकडा मी अंदाजाने घातला आहे, आपण खरा घालावा. उरणारी भाजी निम्म्यावर आली असे आपण म्हणता, ते मात्र कुठेतरी लिहिलेले असेल तरच अर्जात लिहा. मुलाखतीत ‘हे तुम्ही कसे मोजले?’ हा पहिला प्रश्न असू शकतो.

आर्थिक साहाय्याबाबत एक व्यावहारिक सूचना करतो. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे की नाही, ही गोष्ट प्रवेशाचा निर्णय घेताना पाहायची नाही, असे धोरण फार थोड्या ठिकाणी आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी (मॅसॅच्युसेट्सची, कोथरूडची नव्हे), अॅमहर्स्ट आणि डार्टमथ ही त्यांतली काही नावे. इतर बहुतेक ठिकाणी मदतीची मागणी हाच प्रवेशातील अडसर ठरू शकतो. वरील सर्व ठिकाणी स्पर्धा अतोनात आहे, म्हणून अमेरिका हा मुख्य बेत न ठेवता जादा बेत ठेवावा, एवढ्यापुरता मी पाषाणकरांशी सहमत आहे.

माळटिटवी

पक्ष्यांच्या नोंदींविषयी लिहितो, कारण या धाग्यातील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे त्या चार वह्या आहेत, असे मला वाटते.

कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा ‘ई-बर्ड’ हे नोंदींचे जागतिक व्यासपीठ चालवते आणि त्यावर जुन्या तारखांच्या याद्याही भरता येतात. त्याचे शुल्क नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला होता आणि तो सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला होता. या नोंदी करणारे ३० हजारांहून अधिक लोक प्रामुख्याने तुमच्या शेजारच्या आजोबांसारखे हौशी निरीक्षक होते. मुलीच्या नोंदी अशा ठिकाणी गेल्या तर त्या कोणाच्या तरी उपयोगाच्या होतील, आणि एखाद्या नियतकालिकाला पैसे मोजून छापलेल्या शोधनिबंधापेक्षा हे कितीतरी प्रतिष्ठेचे आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके वाचणाऱ्यांना चटकन ओळखू येतात. अकरावीतल्या मुलीच्या नावावर पाच प्राध्यापकांच्या भाषेतला निबंध दिसला, तर तिच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो.

मात्र नोंद कशी करावी याला शिस्त आहे. किती वाजता सुरुवात केली, किती वेळ पाहिले, किती अंतर चालले, आणि दिसलेल्या व ओळखता आलेल्या सर्व जाती लिहिल्या की फक्त आवडलेल्या, हे प्रत्येक यादीबरोबर सांगावे लागते. आपल्या कन्येच्या जुन्या वह्यांत हे तपशील आहेत का? नसतील तरी बिघडत नाही, पण तसे प्रामाणिकपणे नमूद करावे. समजा, तिच्या मते एखाद्या माळावर टिटव्या पूर्वीपेक्षा कमी दिसू लागल्या आहेत. टिटव्या खरोखर घटल्या, की तिचा तिथे थांबण्याचा वेळ घटला? की तिला इतर पक्षी ओळखता येऊ लागल्यामुळे टिटवीकडचे लक्ष कमी झाले? अकरावीतली मुलगी असा प्रश्न स्वतःला विचारू शकते, हेच तिच्या अर्जाचे बळ आहे. उत्तर सापडले नाही तरी चालेल.

आणखी एक गोष्ट. पुण्यात राहून उन्हाळी अभ्यासक्रमासाठी परदेशी जाणे म्हणजे घरात विहीर असताना टँकर मागवणे होय. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शालेय विद्यार्थ्यांसाठी शनिवारची व्याख्याने अनेक वर्षे होत आली आहेत, पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षणाची संस्था आहे, गणितासाठी भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, नारायणगावजवळ खोडदला जाऊन महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्यांपैकी काही जवळून पाहता येतात. तिथे गेल्याचे अर्जात लिहायचे नसते, पण तिथे पडलेला प्रश्न पुढे कुठे नेला, ते लिहायचे असते.

खाणावळवाले

सर्वांचे मनापासून आभार. वह्यांत तारीख, ठिकाण आणि पक्ष्यांची संख्या आहे. वेळेची नोंद मात्र तिने गेल्या वर्षीपासून सुरू केली आहे. टिटवीचा प्रश्न तिला वाचून दाखवला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग दुसरी वही घेऊन बसली.

एक अडचण लिहायची राहिली. तिचा प्रवेश ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीचा आहे. ती दिवसभर क्लासमध्ये असते आणि ज्युनिअर कॉलेजात केवळ प्रात्यक्षिकांना व परीक्षांना जाते. तिथल्या एकाही शिक्षकाला ती नावाने ठाऊक नाही. मग शिफारसपत्र कोण देणार?

जुनी_प्राध्यापिका

खरी मेख इथेच आहे आणि तिच्याविषयी कोणताही सल्लागार आधी बोलत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. मी ३१ वर्षे ज्युनिअर कॉलेजात शिकवले आणि शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे शिफारसपत्र मागायला येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना मी त्यापूर्वी कधी पाहिलेले नव्हते. ती मुले हुशार होती, नम्र होती, पण ‘विद्यार्थी नियमित व आज्ञाधारक आहे’ यापलीकडे मी काय लिहिणार? त्यांतली काही स्वतःच पत्र लिहून आणत आणि माझ्यासमोर सहीसाठी ठेवत. मी सही करत नसे, आणि त्यामुळे काही पालक माझ्यावर नाराजही झाले.

अमेरिकी अर्जात विद्यार्थी साधारणपणे ‘हे पत्र मी पाहणार नाही’ असा हक्क सोडून देतो आणि शिक्षक ते पत्र थेट संस्थेला पाठवतात. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचे आणि दुसरे भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचे लागते. याशिवाय शाळेच्या समुपदेशकाने एक अहवाल द्यायचा असतो. आपल्याकडे समुपदेशक हे पदच बहुतेक ठिकाणी नसल्यामुळे ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्य करतात, आणि त्यासाठी त्यांना संस्थेच्या अधिकृत ई-मेल पत्त्यावरून खाते उघडावे लागते. नववी ते बारावीच्या गुणपत्रिका, शाळेची ओळख करून देणारे एक पान आणि बारावीच्या मध्यावरचे गुण हेही त्याच खात्यातून जाते. हे सर्व ऑक्टोबरमध्ये, चाचणी परीक्षांच्या धांदलीत, प्रथमच सांगितले तर कोणताही उपप्राचार्य वैतागेल. अर्जाचा नमुना १ ऑगस्टला खुला होतो, लवकर निर्णयाच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि नियमित अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला संपतात. म्हणून बारावीच्या जूनमध्येच उपप्राचार्यांची वेळ मागून घ्या आणि काय काय लागणार आहे, ते एका कागदावर लिहून द्या.

शिक्षकांच्या पत्रासाठी उपाय आहे, पण तो आजपासून करावा लागेल. प्रात्यक्षिकांना ती जातेच आहे, तर जीवशास्त्राच्या शिक्षिकेला टेकडीची एक वही दाखवावी आणि टिटवीच्या नोंदींचा प्रश्न विचारावा. शिफारसपत्राचा विषयही काढू नये. जिला असे प्रश्न पडतात अशी मुलगी वर्षभरात दोन-तीनदा येऊन गेली तर शिक्षिका तिला विसरत नाहीत, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. दुसरे पत्र क्लासच्या शिक्षकांकडून घेता येईल का, हे त्या-त्या विद्यापीठाला पत्र लिहून विचारावे. परिस्थिती समजावून सांगितली तर उत्तर मिळते. शेजारच्या आजोबांचे पत्र जादा पत्र म्हणून जोडता आले तर अवश्य जोडा. रविवारच्या रविवारी पहाटे तीन वर्षे तिला पाहिलेला माणूस जे लिहील, ते आम्हा प्राध्यापकांना लिहिता येणार नाही.

एकदा_पोळलेली

आमच्या मुलाच्या बाबतीत झालेली चूक सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. आम्ही सल्लागारांचे ऐकून त्याच्या नावाने ‘ग्रामीण भागातील मुलांसाठी वाचनालय’ असा उपक्रम उभा केला होता. पुस्तके आम्ही घेतली, मुळशीतील शाळेशी बोलणे त्याच्या वडिलांनी केले, तो दोनदा गाडीतून गेला आणि छायाचित्रे काढून आला. एका विद्यापीठाच्या मुलाखतीत त्याला अत्यंत साधा प्रश्न विचारला गेला : मुलांनी सर्वांत जास्त वेळा कोणते पुस्तक नेले? त्याला सांगता आले नाही. मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. पण बाहेर आल्यावर तो म्हणाला, “आई, त्यांना कळलं.” प्रवेश मिळाला नाही, त्याचे दुःख आता राहिलेले नाही; त्या एका वाक्याचे आहे. तो शाळेच्या दिवसांत जुने रेडिओ उघडून दुरुस्त करायचा आणि आमच्या इमारतीतले सगळे पंखे त्याच्याच हातून चालू झाले होते. ते आम्ही अर्जात लिहिलेच नव्हते, कारण ते आम्हाला फार घरगुती वाटले होते.

रेघोट्या

अभिकल्प (डिझाइन) शिकणाऱ्यांसाठी इथे एक ओळ लिहून ठेवतो. विमाननगरच्या सिंबायोसिस डिझाइन संस्थेत परीक्षेनंतर कामांचा संग्रह आणि मुलाखत असते. तिथेही सुबक चित्रांपेक्षा, एखादी वस्तू सुधारताना फसलेले कच्चे आराखडे दाखवलेत तर बोलणे अधिक रंगते.

दूरदेशी

दोन गोष्टी राहिल्या होत्या.

मुलगी पुढेमागे ब्रिटनचा विचार करणार असेल तर हा सगळा हिशेब उलटा होतो, हे ध्यानात ठेवावे. तिथे ‘यूकॅस’ या सामायिक अर्जव्यवस्थेमार्फत एकाच अर्जातून ५ अभ्यासक्रम निवडता येतात आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी १५ ऑक्टोबर ही मुदत असते. निवेदनासाठी एकूण ४००० अक्षरे मिळतात. २०२६ च्या प्रवेशांपासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे मागितली जातात : हा विषय का शिकायचा, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केले. तिथल्या प्राध्यापकांना मुलगी किती सर्वगुणसंपन्न आहे यात फारसे स्वारस्य नसते. तिने विषयात स्वतःहून किती खोल डोकावले आहे, एवढेच त्यांना पाहायचे असते. तिथे टेकडीला पुष्कळ जागा मिळेल आणि खाणावळीला दोन ओळी.

दुसरी गोष्ट निबंधाची. अमेरिकी अर्जातील मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंतचा असतो. खाणावळीच्या मुलीवर एक मोह हमखास येईल, तो म्हणजे परिस्थितीचा. चुलीचा धूर, वडिलांचे कष्ट, आईचे थकलेले हात आणि शेवटी दृढनिश्चय. इंग्रजीचा उत्तम क्लास लावला तर तिथले शिक्षकही तिला हेच लिहायला सांगतील. वाचणाऱ्याला वाईट वाटेल, पण मुलगी कळणार नाही. त्याऐवजी तिने एखादी रात्र लिहावी : कोणीतरी ‘उद्या येतो’ असे कळवून आला नाही, दुसऱ्याने कळवलेच नाही आणि मित्राला घेऊन आला, आणि तिच्या हिशेबात माणसांचे हे वागणे कसे बसवायचे, यावर ती काय करत राहिली. मला तर असे वाटते की टेकडीवरची मोजणी आणि खाणावळीतली मोजणी हा तिच्या मनाचा एकच धर्म आहे, पण ते तिला स्वतःला दिसले तरच लिहावे. आपण किंवा मी ते सुचवून लिहून घेतले, की तो आपला निबंध होतो. (मी इथे जाहीरपणे लिहून बसलो, हे खरे आहे. तिला हा परिच्छेद दाखवू नका.) संगणकाकडून निबंध लिहून घेण्याबद्दलही हेच म्हणता येईल. त्यातली भाषा सफाईदार असते, पण ‘खाडा’ हा शब्द त्या यंत्राला सुचणार नाही.

पाषाणकर

वह्या आणि खाडे यांविषयी वाचून माझे मत थोडे नरमले आहे, हे मान्य करतो. परंतु माझा मूळ मुद्दा अजून शिल्लक आहे. या धाग्यावर प्राध्यापिकाबाई, दूरदेशी आणि माळटिटवी भेटले म्हणून खाणावळवाल्यांना हे सर्व फुकट कळले. ज्याला असे कोणी भेटत नाही, तो एक तर सल्लागाराला पैसे देतो किंवा अर्जच करत नाही. फुरसुंगीच्या किंवा भोरच्या मुलीला तिची गोठ्यातली कामे ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ या नावाखाली लिहिता येतात, हे कोण सांगणार?

जुनी_प्राध्यापिका

पाषाणकर, या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. निवृत्तीनंतर मी दर शनिवारी दुपारी आमच्या भागातील वाचनालयात बसते आणि जी मुले येतील त्यांचे अर्ज वाचते; त्यांत आजवर भोरहून कोणी आलेले नाही. आपण पाषाणला असाच एक दिवस ठरवणार असाल तर मला कळवा.

खाणावळवाले

सात आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. उशिराबद्दल क्षमस्व, मधल्या काळात मुख्य परीक्षेमुळे खाणावळीत गर्दी होती.

सल्लागारांना नाही म्हणून कळवले. जीवशास्त्राच्या शिक्षिकेला मुलीने वही दाखवली. त्यांनी ती दोन दिवस ठेवून घेतली आणि समासात पेन्सिलीने तीन ठिकाणी प्रश्नचिन्हे करून परत दिली. त्यांतल्या एका ठिकाणी पक्षी चुकीचा ओळखला होता. गेल्या वर्षीपासूनच्या, म्हणजे वेळ लिहिलेल्या, सर्व याद्या तिने ई-बर्डवर भरल्या आहेत. त्याआधीच्या नोंदी वेळ न लिहिता कशा भरायच्या, हे ती आजोबांच्या मदतीने शिकते आहे. टिटव्यांच्या बाबतीत तिचे म्हणणे असे की अजून एक पूर्ण वर्ष नोंदी झाल्याशिवाय ती काही सांगणार नाही, आणि अर्जात तेच लिहिणार आहे.

दूरदेशींच्या सूचनेवरून आम्ही भाजीचा हिशेब तपासला. उरलेल्या भाजीचे वजन मुलीने सुरुवातीच्या दोन महिन्यांत आणि नंतर मधूनमधून लिहून ठेवलेले होते, हे मला माहीतच नव्हते. त्यावरून घट निम्मी नव्हे, साधारण एक-तृतीयांश निघाली. निम्मी हा आकडा माझा होता, अभिमानाच्या भरात सांगितलेला. तिने अर्जाच्या कच्च्या खर्ड्यात एक-तृतीयांश लिहिले आहे आणि सदस्यांची संख्या ५८. मी ‘सुमारे ६०’ लिही म्हटले, तर ती म्हणाली, “बाबा, खाड्याच्या वहीत अठ्ठावन्नच आहेत.”

प्राध्यापिकाबाई, शनिवारी दुपारचे जेवण आमच्याकडे घ्यावे, ही विनंती. पाषाणकरांनाही घेऊन या. किती जण येणार ते शुक्रवारी रात्री नऊपर्यंत मुलीला कळवावे लागेल.